डॉक्टरांच्या फीला एका वर्षाचं ठिगळ

थँक्सगिव्हिंगचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. बऱ्याच घरांत पाहुणे आले असतील आणि त्याच टेबलाच्या एका कोपऱ्यात आई-बाबांच्या नावानं आलेल्या मेडिकेअरच्या पाकिटांचा ढीगही पडला असेल. प्लॅन बदलण्याची मुदत ७ डिसेंबरला संपते. तेव्हा आजच्या बोलण्यासाठी मेडिकेअरमधलाच एक विषय घेतला आहे. वरवर तो फक्त डॉक्टरांचा वाटतो, पण आहे तुमच्या-माझ्या घरातला.

१ जानेवारी २०२६ पासून मेडिकेअर डॉक्टरांना देत असलेल्या पैशांत अडीच टक्के वाढ झाली. ही वाढ काँग्रेसनं कायदा करून दिली. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या त्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात ती एका कलमात बसवलेली आहे. त्याच कलमात असंही लिहिलं आहे की ही वाढ फक्त २०२६ या एका वर्षापुरती. तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच. पुढं काय, ते पुढच्या काँग्रेसनं पाहावं.

आपल्याकडे म्हणतात, ये रे माझ्या मागल्या. डॉक्टरांच्या फीच्या बाबतीत अमेरिकेत गेली वीस-बावीस वर्षं हेच चाललं आहे. दर कापला जाणार अशी बातमी येते, डॉक्टरांच्या संघटना वॉशिंग्टनला धडकतात, शेवटच्या घटकेला तात्पुरता कायदा होतो, आणि वर्षभरानं पुन्हा तेच. हे असं का होतं, त्याचा आपल्या घरातल्या ज्येष्ठांवर काय परिणाम होतो, आणि आपण काय करू शकतो, हे आज पाहू.

आधी एक जुना धागा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना शेजारी बसवून. पहिलं कार्ड ट्रूमन यांनाच मिळालं. त्यानंतर दोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, याच जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि आशियाई लोकांना इतकी वर्षं जवळपास बंद असलेलं दार उघडलं. एका कायद्यानं या देशाला जास्त डॉक्टरांची गरज निर्माण केली, दुसऱ्यानं ते डॉक्टर बाहेरून येऊ दिले. मुंबई, पुणे, नागपूरच्या मेडिकल कॉलेजांतून जी पिढी इकडे आली, ती या दोन सह्यांच्या मधल्या वाटेनं आली. आज अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी साधारण चौथा हिस्सा परदेशात शिकून आलेला आहे आणि त्यात भारतातून आलेल्यांची संख्या सर्वांत मोठी आहे.

म्हणून हा विषय आपल्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. एकाच घरात सून डॉक्टर असते आणि सासरे मेडिकेअरवर असतात. सुनेला वाटतं, सरकार देतं त्यात क्लिनिकचं भाडंही निघत नाही. सासऱ्यांना वाटतं, दरवर्षी प्रीमियम वाढतो तो जातो कुठं? दोघंही खरं बोलत असतात. ते कसं, हे कळायला फी ठरते कशी ते पाहावं लागेल.

१९९२ पासून एक पद्धत आहे. डॉक्टर जे जे काम करतात, साधी तपासणी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, एक्स-रे वाचणं, त्या प्रत्येक कामाला गुण दिलेले आहेत. हे गुण तीन गोष्टींचे. डॉक्टरचे श्रम आणि वेळ किती, क्लिनिक चालवण्याचा खर्च किती, आणि चूक झाल्यास होणाऱ्या दाव्यांच्या विम्याचा खर्च किती. त्या त्या भागातली महागाई पाहून गुणांत थोडा फरक करतात. मग एकूण गुणांना एका दरानं गुणतात. या दराला कन्व्हर्जन फॅक्टर म्हणतात. आपण त्याला सरळ 'दर' म्हणू. एका गुणाला इतके डॉलर, एवढाच त्याचा अर्थ.

आता आकडे ऐका. १९९२ साली पद्धत सुरू झाली तेव्हा हा दर ३१ डॉलरच्या आसपास होता. २०२० मध्ये तो ३६ डॉलर ९ सेंट होता. २०२५ मध्ये ३२ डॉलर ३५ सेंट होता. म्हणजे तेहतीस वर्षांनंतर एका गुणाचा दर सुरुवातीच्या दरापेक्षा फार तर सव्वा-दीड डॉलरनं जास्त. या तेहतीस वर्षांत नर्सचा पगार, जागेचं भाडं, कॉम्प्युटरचा खर्च कुठल्या कुठं गेला हे सांगायला नकोच. समजा एखाद्या कामाला चार गुण आहेत आणि ते बदललेले नाहीत. त्या कामाचे २०२० मध्ये १४४ डॉलर मिळत होते, २०२५ मध्ये १२९ मिळत होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा हिशेब असा की महागाई वजा केली तर २००१ ते २०२५ या काळात मेडिकेअरचं डॉक्टरांना मिळणारं मोल ३३ टक्क्यांनी घसरलं.

असं का झालं? दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपल्याला घरच्या उदाहरणानं कळतील.

पहिलं कारण महागाई भत्त्याचं. ज्यांच्या घरी कुणी सरकारी नोकरीत होतं त्यांना डीए म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. महागाई वाढली की भत्ता वाढतो, मूळ पगार शाबूत राहतो. मेडिकेअर हॉस्पिटलांना दरवर्षी महागाईचा हिशेब धरून वाढ देतं. निवृत्तांच्या सोशल सिक्युरिटीतही तशी वाढ होते, २०२६ साठी ती २.८ टक्के आहे. डॉक्टरांच्या फीला मात्र असा भत्ता नाही. २०१५ च्या कायद्यानं २०२० ते २०२५ या सहा वर्षांसाठी वाढ सरळ शून्य ठेवली होती. २०२६ पासून पुढं बहुतेक डॉक्टरांना वर्षाला पाव टक्का आणि खर्चाची जबाबदारी स्वतःवर घेणाऱ्या काही योजनांतल्या डॉक्टरांना पाऊण टक्का, एवढीच कायमची वाढ त्यात लिहिली आहे.

दुसरं कारण एका पातेल्याचं. कायदा म्हणतो की गुणांत काही बदल केल्यामुळे वर्षाचा खर्च २ कोटी डॉलरपेक्षा जास्त हलला, तर दर कमी-जास्त करून एकूण खर्च जागेवर आणायचा. म्हणजे पातेलं तेवढंच. एकाच्या ताटात जास्त वाढलं की बाकीच्यांच्या ताटातून काढायचं. ही २ कोटींची मर्यादा तीन दशकांपूर्वी ठरली आणि आजही तीच आहे.

२०२१ मध्ये नेमकं हेच झालं. सरकारनं ठरवलं की साध्या ऑफिस भेटीला, जिथं डॉक्टर पेशंटशी बोलतो, औषधं तपासतो, सल्ला देतो, तिथं गुण फार कमी आहेत. ते वाढवले. निर्णय योग्यच होता, आपल्या आजी-आजोबांना अशाच डॉक्टरांची जास्त गरज असते. पण पातेलं तेवढंच असल्यामुळे दर दहा टक्क्यांहून जास्त खाली येणार होता. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, फिजिकल थेरपिस्ट यांना मोठा फटका बसणार होता, तोही कोविडच्या वर्षात. तेव्हा काँग्रेसनं एका वर्षासाठी ३.७५ टक्क्यांची वाढ दिली. आताच्या ठिगळांची मालिका तिथून सुरू झाली.

पण ठिगळांची सवय त्याहून जुनी. १९९७ च्या कायद्यात एक सूत्र होतं. डॉक्टरांवरचा खर्च देशाच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा वेगानं वाढला तर पुढच्या वर्षी दर कापायचा. कागदावर छान दिसत होतं. २००२ मध्ये दर खरोखर कापला गेला, ४.८ टक्के, आणि एकच ओरड झाली. त्यानंतर काँग्रेसनं कपात होऊच दिली नाही, पण सूत्रही रद्द केलं नाही. फक्त पुढं ढकललं. सावकाराचं व्याज न देता मुदत वाढवत जावी तशी कपात साचत गेली. अशी सतरा ठिगळं २००३ ते २०१४ या काळात लागली.

त्यातले दोन प्रसंग सांगते. २००८ च्या जुलैत १०.६ टक्के कपात लागू होणार होती. ती थांबवणारं विधेयक सिनेटमध्ये थोडक्यात अडकलं. तेव्हा सिनेटर टेड केनेडी मेंदूच्या कर्करोगावर उपचार घेत होते. ९ जुलैला ते मतदानासाठी स्वतः सभागृहात आले. विधेयक पुढं सरकलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते नाकारलं, तेव्हा १५ जुलैला दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी त्यांचा नकार मोडून काढला.

दुसरा प्रसंग २०१० चा. तोवर साचलेली कपात २१ टक्क्यांवर गेली होती. जून महिन्यात मुदत उलटली. मेडिकेअरनं काही दिवस डॉक्टरांचे क्लेम नुसते धरून ठेवले, काँग्रेस काहीतरी करील म्हणून. शेवटी १८ जूनला कापलेल्या दरानं पैसे द्यायला सुरुवात झाली. आठवड्यानं, २५ जूनला, नवा कायदा झाला. कपात मागच्या तारखेपासून रद्द आणि वर २.२ टक्के वाढ, तीही फक्त ३० नोव्हेंबरपर्यंत. प्रतिनिधिगृहात त्याला ४१७ मतं मिळाली, विरोधात फक्त एक. जवळजवळ सगळ्यांना जे हवं होतं त्यासाठीही मुदत उलटावी लागली, आणि मिळाले ते पाच-सहा महिने. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा एक महिन्याचं ठिगळ, मग पुन्हा एका वर्षाचं.

एप्रिल २०१५ मध्ये हे सूत्र अखेर रद्द झालं. दोन्ही पक्ष एकत्र आले, सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ८ मतं पडली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्या कायद्यात महागाईची सोय नव्हती. छप्पर शाकारलं आणि खालची भिंत तशीच ठेवली.

म्हणून २०२१ पासून पुन्हा तेच. २०२१ ला ३.७५ टक्के, २०२२ ला ३, २०२३ ला अडीच. २०२४ ला सुरुवातीला सव्वा टक्का आणि ९ मार्चपासून २.९३. आणि २०२५ ला शून्य.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही वाढ दिवाळीच्या बोनससारखी आहे, मूळ पगारात मिळवलेली नाही. वर्ष संपलं की ती जाते. पुढच्या वर्षी तेवढीच दिली तर दर जागेवर राहतो. थोडी कमी दिली तर दर घसरतो. म्हणून बातमीत 'वाढ' हा शब्द येतो आणि डॉक्टरांच्या हातात मागच्या वर्षापेक्षा कमी पैसे पडतात. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

२०२५ ला शून्य का? डिसेंबर २०२४ ची गोष्ट. सरकारचं कामकाज चालू ठेवण्याच्या दीड हजारांहून जास्त पानांच्या विधेयकात डॉक्टरांसाठी अडीच टक्क्यांची वाढ होती. दोन्ही पक्षांचे नेते राजी होते. मग इलॉन मस्क आणि नंतर ट्रम्प यांनी त्या विधेयकाला विरोध केला, दोन-तीन दिवसांत ते कोसळलं, आणि जे छोटं विधेयक मंजूर झालं त्यात ही वाढ नव्हती. १ जानेवारी २०२५ ला दर २.८३ टक्क्यांनी उतरला. जानेवारीच्या शेवटी नॉर्थ कॅरोलिनाचे खासदार ग्रेग मर्फी, जे स्वतः युरोलॉजिस्ट आहेत, त्यांनी दोन्ही पक्षांच्या सहकाऱ्यांना घेऊन वर्षाच्या उरलेल्या काळासाठी ६.६२ टक्के वाढीचं विधेयक मांडलं. ते पुढं गेलं नाही. उन्हाळ्यात मोठ्या कायद्याच्या वेळी प्रतिनिधिगृहानं महागाईशी जोडलेली कायमची वाढ सुचवली होती. सिनेटमधून बाहेर पडताना तिचं झालं एका वर्षाचं अडीच टक्के. तेच जानेवारी २०२६ पासून लागू झालं.

त्यामुळे २०२६ चा दर बहुतेक डॉक्टरांसाठी ३३ डॉलर ४० सेंट ठरला. २०२५ पेक्षा साधारण सव्वातीन टक्के जास्त. पण त्याच नियमावलीत सरकारनं आणखी एक बदल केला आहे. ज्या कामांचे पैसे वेळेवर ठरत नाहीत, म्हणजे ऑपरेशन, स्कॅन वाचणं वगैरे, त्यांच्या श्रमाच्या गुणांत अडीच टक्के कपात. कारण दिलं आहे की सरावानं आणि तंत्रज्ञानानं ही कामं आता लवकर होतात. त्यामुळे फॅमिली डॉक्टरला वाढ जाणवेल, हॉस्पिटलात काम करणाऱ्या काही सर्जनना ती जाणवणारही नाही. आणि या सगळ्यावर २०१३ पासून चालू असलेली दोन टक्क्यांची सरसकट कपात आहेच. ती मेडिकेअरच्या वाट्यातून होते. शंभर डॉलरच्या बिलात मेडिकेअरचे ८० असतील तर त्यातून १ डॉलर ६० सेंट वजा.

आता सासऱ्यांची बाजू. फी वाढली की पैसा कुठून तरी येतो. पार्ट बीचा प्रीमियम असा ठरवतात की ज्येष्ठांवर होणाऱ्या खर्चाचा साधारण पाव भाग त्यातून निघावा. उरलेला बहुतेक सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करांतून. २०२५ मध्ये प्रीमियम महिना १८५ डॉलर होता, २०२६ मध्ये २०२ डॉलर ९० सेंट झाला. डिडक्टिबल २५७ वरून २८३ डॉलरवर गेलं. हे काही एकट्या डॉक्टरांच्या फीमुळे नाही, हॉस्पिटलमधल्या बाह्यरुग्ण सेवा आणि क्लिनिकमध्ये दिली जाणारी महागडी औषधंही त्यात येतात. पण फी वाढली की त्याचा थोडा वाटा प्रीमियमवर येतोच. शिवाय प्रत्येक बिलाचे २० टक्के पेशंटचे. शंभर डॉलरच्या बिलावर अडीच टक्के वाढ म्हणजे पेशंटच्या खिशातून ५० सेंट जास्त. एका भेटीला काहीच नाही. महिन्याला चार डॉक्टरांकडे जाणाऱ्या आणि पुरवणी विमा नसलेल्या माणसाला मात्र वर्षअखेर ते दिसतं.

आणखी एक आक्षेप ऐकला पाहिजे. काँग्रेसला सल्ला देणारा मेडपॅक नावाचा आयोग आहे. तो म्हणतो की दर वाढला नसला तरी एका पेशंटमागे डॉक्टरांवरचा खर्च वाढतच आला, कारण कामांची संख्या वाढली. आणि मेडिकेअरवरच्या बहुतेक ज्येष्ठांना डॉक्टर मिळतो, खासगी विमेवाल्यांइतकाच सहज. हे खरं आहे. पण याच आयोगानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं की २०२६ साठी डॉक्टरांच्या खर्चाच्या महागाईपेक्षा एक टक्का कमी, अशी वाढ द्यावी. म्हणजे सावध माणसंही आता महागाईशी जोडा असंच म्हणत आहेत. मेडिकेअरचे विश्वस्तही आपल्या अहवालात इशारा देत आले आहेत की दर असाच मागं राहिला तर पुढं डॉक्टर मिळणं अवघड होईल.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगते. अडीच टक्के कमी की जास्त, हा वाद अर्थतज्ज्ञांनी घालावा. त्रास आहे तो एका वर्षाच्या मुदतीत. मोठ्या हॉस्पिटलला एखादं वर्ष ओढाताण सोसता येते. दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक रिसेप्शनिस्ट अशा छोट्या क्लिनिकला येत नाही. पुढच्या जानेवारीत दर काय असेल हे नोव्हेंबरपर्यंत कळत नसेल तर नवी नर्स कशी घ्यायची, पाच वर्षांचा भाडेकरार कसा करायचा? मग असा डॉक्टर क्लिनिक मोठ्या संस्थेला विकतो, किंवा नवे मेडिकेअर पेशंट घेणं थांबवतो, किंवा भेटीची वेळ कमी करतो. ज्या डॉक्टरला आजींचं गुडघ्याचं दुखणं आणि मुलाचं नाव दोन्ही पाठ असतं, तो असा हातातून जातो. कायदा वाईट आहे असं कुणी म्हणत नाही, फक्त दरवर्षी उशिरा येतो आणि लवकर जातो. महागाईशी जोडलेली, थोडी कमी का असेना, पण कायमची वाढ द्यावी आणि तिचा खर्च कुठून येणार हे त्याच कायद्यात उघड सांगावं. बोनसवर घर चालत नाही, हे आपल्या आई-वडिलांनीच आपल्याला शिकवलं आहे.

आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

एक. आई-बाबांच्या प्रत्येक डॉक्टरच्या ऑफिसला या आठवड्यात फोन करा. दोन प्रश्न विचारा. तुम्ही पुढच्या वर्षी मेडिकेअर घेणार आहात का? आणि असाइनमेंट स्वीकारता का? असाइनमेंट म्हणजे मेडिकेअरनं ठरवलेली रक्कम पूर्ण फी मानणं. बहुतेक डॉक्टर ती स्वीकारतात. जे स्वीकारत नाहीत ते मेडिकेअरच्या मान्य रकमेवर १५ टक्क्यांपर्यंत जास्त घेऊ शकतात. फार थोडे डॉक्टर मेडिकेअरमधून पूर्ण बाहेर पडलेले असतात. त्यांच्याकडे गेलात तर सगळं बिल तुमचं.

दोन. मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन असेल तर जास्त सावध राहा. निम्म्याहून जास्त ज्येष्ठ आता अशाच प्लॅनमध्ये आहेत. तिथं डॉक्टरला पैसे विमा कंपनी देते, तिच्या करारानुसार. सरकारनं दर वाढवला म्हणून कंपनी वाढवेलच असं नाही. आणि तुमचा डॉक्टर नेटवर्कमध्ये राहील की नाही हे दरवर्षी बदलू शकतं. डॉक्टरचं नाव घेऊन कंपनीला आणि डॉक्टरच्या ऑफिसला, दोन्हीकडे विचारा. बदल करायचा तर ७ डिसेंबरच्या आत.

तीन. व्हिडिओवर डॉक्टरला भेटण्याची सोयही अशीच ठिगळावर चालते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी कामकाज ४३ दिवस बंद होतं तेव्हा घरबसल्या भेटींचे पैसे देण्याची मुभा संपलेली होती. मानसिक आरोग्याच्या भेटींचा नियम वेगळा आहे, त्या कायम आहेत. बाकीची मुभा तेव्हा ३० जानेवारी २०२६ पर्यंतच वाढवली होती. व्हिडिओची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या आठवड्यात चौकशी करा.

चार. भारतात जाणाऱ्यांसाठी. हिवाळ्यात चार-सहा महिने पुण्याला किंवा कोल्हापूरला राहणारे बरेच आहेत. मेडिकेअर सहसा अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. तिकडचा वेगळा विमा घ्या. पण 'तिकडेच तर असतो' म्हणून पार्ट बी सोडू नका. नंतर परत घेताना बाहेर राहिलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड बसू शकतो, आणि तो पार्ट बी असेपर्यंत प्रीमियमबरोबर भरावा लागतो.

पाच. मुलांनी ग्रीन कार्डावर आणलेले आई-वडील. वय ६५ पूर्ण आणि इथं सलग पाच वर्षं वास्तव्य झालं की त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं. मुलानं वीस वर्षं कर भरला असला तरी त्याच्या नोकरीची वर्षं साधारणपणे आई-वडिलांना मोजून मिळत नाहीत. म्हणून पार्ट ए साठीही त्यांना प्रीमियम पडतो, आणि तो महिना ५०० डॉलरच्या वर असतो. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या आधीच सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात चौकशी करा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर नाही.

सहा. मदत फुकट मिळते. मेडिकेअरचा फोन १-८००-६३३-४२२७. शिवाय प्रत्येक राज्यात ज्येष्ठांना विम्याबद्दल मोफत सल्ला देणारी सरकारी योजना आहे, तिला 'शिप' म्हणतात. तिथले सल्लागार कुठल्या कंपनीचे एजंट नसतात. इंग्रजी अवघड वाटणाऱ्या आई-बाबांसाठी दुभाषा मागा, संकोच करू नका.

आणि शेवटचं. २०२६ ची वाढ वर्षअखेर संपते आहे हे आजच माहीत आहे. म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये पुन्हा धावपळ होणार हेही माहीत आहे. आपल्या खासदाराच्या ऑफिसला फोन करायला नागरिक असण्याची अट नाही, त्या भागात राहत असलात की पुरे. कॅपिटॉलचा फोन २०२-२२४-३१२१. आपला पिन कोड सांगा, ते जोडून देतात. दोन मिनिटांत सांगायचं ते एवढंच: आमच्या घरात मेडिकेअरवर माणसं आहेत, त्यांचा डॉक्टर टिकावा म्हणून एका वर्षाचं ठिगळ नको, कायमची तजवीज करा, आणि तिचा भार प्रीमियमवर किती येणार तेही सांगा. डॉक्टर सुनेनं आणि सासऱ्यांनी एकाच फोनवरून हे सांगितलं तर ऐकणाऱ्याला ते जास्त लक्षात राहील.

७ डिसेंबरच्या आत ती पाकिटं उघडा, डॉक्टरांना फोन करा, आणि आपल्या शेजारी कुणी एकटे आजी-आजोबा राहत असतील तर त्यांचंही पाकीट एकदा वाचून द्या. तब्येतीला जपा.